डिजिटल अ‍ॅकॉर्डियन: आवाजांच्या यादीआधी भाता लावा

नवीन डिजिटल अ‍ॅकॉर्डियन हातात आला की आधी खुणावते ती आवाजांची लांबलचक यादी. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ऑर्गन, काय हवं ते आहे. कित्येक महिने नेमाने वाजवल्यावर माझं मत मात्र पक्कं झालंय: त्या यादीकडे वळण्याआधी भात्याचं सेटिंग लावून घ्या.

या वाद्यात रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, नसतात. भात्यातल्या हवेचा दाब सेन्सर मोजतो आणि आवाज किती मोठा, किती उजळ हे त्यावरून ठरतं. किती दाबाला किती आवाज द्यायचा, ते मेनूतल्या 'बेलोज कर्व्ह'मध्ये निवडता येतं. त्यातल्या 'लाइट' पर्यायावर भाता जरासा ओढला तरी पूर्ण आवाज मिळतो. हात दमत नाही, पण हळू आणि मोठा यांच्यामधल्या छटा हरवतात. हेवीवर छटा भरपूर, पण मेहनतही तेवढीच. फिक्स्डवर भाता न हलवता कळा वाजतात. डाव्या हाताच्या बास बटणांच्या जागा पाठ करताना ते फार सोयीचं आहे, मात्र रोजचा रियाज त्यावर करू नये.

आपल्याला कोणता कर्व्ह योग्य, हे ठरवायची माझी पद्धत सांगते. मधल्या सप्तकातला एकच सूर धरायचा आणि आठ मात्रांत अगदी बारीक आवाजापासून पूर्ण आवाजापर्यंत न्यायचा. एकदा भाता उघडताना, एकदा मिटताना. शेवटच्या दोन-तीन मात्रांत आवाज वाढतच नसेल तर कर्व्ह हलका आहे. पहिल्या मात्रांत सूर उमटतच नसेल तर जड आहे. हेडफोन बदलला की ही चाचणी पुन्हा करते.

एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. रीडच्या अ‍ॅकॉर्डियनमध्ये जितके सूर एकदम वाजतील तितकी हवा जास्त जाते. माझ्या वाद्यात हवा एका झडपेतून ठरावीक वेगाने जाते. कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचा गट) कितीही भरगच्च असला तरी भाता लवकर संपत नाही. पुढे कधी रीडचं वाद्य वाजवायचं असेल तर भाता कुठे पालटायचा, म्हणजे उघडता उघडता मिटायला कुठे लागायचं, हे आत्तापासून ठरवून, स्वरवाक्याच्या जोडावरच पालटावं.

कळेवर बोट किती जोराने पडतं, त्याला प्रतिसाद देणारं 'व्हेलॉसिटी' सेटिंग अ‍ॅकॉर्डियनच्या आवाजांसाठी बंद ठेवा. अस्सल वाद्यात कळ आपटली म्हणून आवाज वाढत नाही. पियानोच्या आवाजाला ते हवंच.

आता ज्यात मी सर्वांत जास्त रमले, ती रजिस्टर: रीडचे कोणते संच एकत्र वाजावेत (इथे त्यांची नक्कल) हे निवडणारी बटणं. गोलात आडव्या रेषा आणि ठिपके असलेली चिन्हं सुरुवातीला कोड्यात टाकतात, पण ती सोपी आहेत: खालचा ठिपका म्हणजे 16 फुटी, एक सप्तक खालचा 'बसून' (bassoon) हा आवाज, मधला 8 फुटी, मूळ उंचीचा क्लॅरिनेट, वरचा 4 फुटी, एक सप्तक वरचा पिकोलो. मधल्या कप्प्यात दोन-तीन ठिपके दिसले की ते म्युझेट. म्हणजे जवळजवळ एकाच सुराचे रीड, एकमेकांपासून किंचित सरकवलेले. 440 हर्ट्झच्या सुरासोबत 20 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर लावलेला दुसरा सूर वाजला तर सेकंदाला साधारण 5 लहरी, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात. 10 सेंटला जेमतेम अडीच. डिजिटल वाद्यात ही लहर हवी तशी बदलता येते, आणि रीडच्या वाद्यात त्यासाठी कारागीराला एकेक रीड घासावी लागते! संथ धुनेला मला कमी लहर आवडते. जलद वॉल्ट्झला मात्र फ्रेंच पद्धतीची दाट लहरच शोभते. सेंट तेच ठेवले तर वरच्या सप्तकात लहरींचा वेग दुप्पट होतो, म्हणून उंच सुरांत आवाज थरथरता वाटला तर लहर थोडी कमी करा.

डाव्या हाताकडचा आवाज बहुतेकदा जास्त येतो. एका बास बटणात अनेक सप्तकांतले सूर एकदम वाजतात, त्यावर कॉर्ड बटणाचे तीन. बॅलन्स उजव्या हाताकडे थोडा झुकवला की धून मोकळी होते. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा, सराव करताना पूर्ण बंद. तो भाता पालटतानाचे खड्डे झाकतो, आणि तेच तर ऐकायचे असतात. हेडफोन तारेचाच घ्या. ब्लूटूथवर आवाज बोटांच्या मागे राहतो आणि ताल धरवत नाही.

मिडीने, म्हणजे वाजवण्याच्या सूचना संगणकाला आकड्यांत पाठवून, रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी: भात्याची हालचाल 'एक्स्प्रेशन' म्हणजे कंट्रोलर 11 वर 0 ते 127 अशा आकड्यांत जाते. सूर नोंदले गेले पण सगळं सपाट ऐकू येत असेल, तर संगणकावर तोच कंट्रोलर गाळला जातोय का ते आधी पाहा.

मनासारखं जमलेलं सेटिंग लगेच यूझर सेटमध्ये साठवा. माझ्या वाद्यात न साठवता बंद केलं की सगळं मूळपदावर जातं. मी तीनच सेट ठेवलेत: सरावाचा कोरडा, म्युझेटचा आणि 'बसून'चा. ऑर्गन-ट्रम्पेट अजून क्वचितच लागतात.