उघड्या जीपसाठी घरी शिवलेलं कव्हर: कापड, दोरा आणि शिवण, एका पावसाळ्यानंतर

माझ्या जीपला टप नाही. पुढे काचेची चौकट, मागे रोल बार (गाडी उलटली तर आतल्यांना सांभाळणारी लोखंडी कमान), मागच्या दाराला स्टेपनी, आणि मधल्या चार सीट थेट आभाळाखाली. अशा गाडीला कव्हर म्हणजेच छप्पर. तयार कव्हर मी आधी वापरलं होतं. ते बंद गाडीच्या आकारावर बेतलेलं, त्यामुळे काच आणि रोल बारच्या मधे झोळीसारखं लोंबायचं आणि वाऱ्यात दिवसभर फडफडायचं. फडफडीने कापड फाटेल अशी मला भीती होती. प्रत्यक्षात गेला तो गाडीचा रंग. कव्हरखाली बसलेली धूळ आणि तिच्यावर सतत हलणारं कापड, दोन्ही मिळून पॉलिशपेपरसारखं घासत होतं. मडगार्डच्या कडा एका मोसमात धुरकट झाल्या. त्या दिवशी ठरवलं की गाडीच्या अंगाला बसेल असं कव्हर स्वतः शिवायचं. आता त्यावर एक अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून वापरलेल्या वस्तूंबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आधी कापड. पाण्यासाठी म्हटलं की सगळे पहिलं नाव ताडपत्रीचं घेतात, आणि पीव्हीसीचा लेप दिलेल्या ताडपत्रीतून पाणी खरंच येत नाही. पण तिच्यातून वाफही जात नाही, आणि ती जड असते. माझ्या कव्हरला सुमारे २० चौरस मीटर कापड लागलं. चौरस मीटरला ६०० ग्रॅमची ताडपत्री घेतली असती तर नुसतं कापडच १२ किलो झालं असतं. रोज एकटीने चढवायचं आणि काढायचं असेल तर हा आकडा फार महत्त्वाचा आहे. मी दोन कापडं वापरली. बॉनेटपासून काचेवरून, रोल बारवरून मागे उतरणाऱ्या वरच्या पट्ट्याला अॅक्रिलिक कॅनव्हास, साडेपाच मीटर. दोन्ही बाजूंना आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असलेलं ६०० डेनियरचं पॉलिएस्टर, आठ मीटर. (डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा वाढला की धागा जाड.) सगळं मिळून, पट्ट्यांसकट, सहा किलोच्या आसपास भरलं.

अॅक्रिलिक निवडायचं कारण ऊन. या कापडात रंग धागा तयार होण्याआधीच मिसळलेला असतो, वरून चढवलेला नसतो. होड्यांच्या शिडांच्या खोळींना आणि छतांना हेच कापड दिसतं. कव्हरवर ऊन पडतं ते सगळ्यात जास्त वरच्या भागावर, म्हणून महाग कापड तिथे आणि साधं कापड बाजूंना, ही वाटणी मला आजही योग्य वाटते. अॅक्रिलिकचा एक दोष मात्र स्पष्ट सांगते: ते घासलं की लवकर झिजतं. काचेच्या चौकटीचे दोन कोपरे आणि रोल बारचा वळलेला भाग, इथे मी आतून रेक्झिनचे ठिगळ लावले. पहिल्या दोन महिन्यांतच त्या ठिगळांवर घासल्याच्या खुणा दिसल्या. ते नसते तर तिथे भोकं पडली असती.

बेतायला मी जुन्या चादरी वापरल्या. गाडीवर टाकायच्या, ताणायच्या, चिमटे लावायचे आणि खडूने रेघ मारायची. यात घाई केलेली चालत नाही. आरसे, स्टेपनी, दाराच्या कडीचा उंचवटा, हे सगळं चादरीवर आलं पाहिजे. ताईने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि पूर्ण दिवस यातच गेला. त्यानंतर खऱ्या कापडावर कात्री चालवताना हात अजिबात थरथरला नाही. माया मी सगळीकडे चार सेंटिमीटर सोडली, कारण शिवण दुहेरी मुडपायची होती.

एक गोष्ट नव्याने शिवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: लेप असलेल्या कापडाला टाचण्या लावू नयेत. सुती कापडात टाचणी काढली की धागे परत जवळ येतात. लेपात पडलेलं भोक कायमचं राहतं. मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी तीन मिलिमीटरची शिलाई पट्टी वापरली. या सगळ्या सामानात तिच्यावर मी सर्वांत जास्त खूश आहे. निसरडं कापड चार पदरांत असतानाही तसूभर हललं नाही, आणि सुईला चिकटाही फारसा लागला नाही.

दोरा पॉलिएस्टरचाच घ्या. नायलॉनचा दोरा हाताला मजबूत लागतो, पण उन्हात तो लवकर कमजोर होतो. सुती दोऱ्यात एक छान गुण आहे: भिजला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. पण तो कुजतो. मी टेक्स ७० चा बाँडेड (तंतू एकमेकांना चिकटवलेला) पॉलिएस्टर दोरा घेतला; टेक्स ७० म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं वजन ७० ग्रॅम, आणि १८ नंबरची सुई. आईचं जुनं लोखंडी मशीन, फक्त सरळ टीप घालणारं. त्याने चार पदर सहज शिवले. जिथे वर जाड पट्टा यायचा तिथे मी मोटर बंद करून चाक हाताने फिरवलं. लेपाची बाजू वर आली की मशीनचा साधा पाय त्याला चिकटतो आणि टाके लहानमोठे पडतात. टेफ्लॉनचा पाय बसवल्यावर ते थांबलं. टाका चार मिलिमीटरचा ठेवला. बारीक टाका कपड्यांना चांगला, पण इथे प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, आणि दाट भोकांची ओळ पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी फाटते.

शिवणीची दिशा हा माझ्या मते या कामाचा गाभा आहे. छपरावर कौलं जशी वरचं खालच्यावर चढतं, तसाच वरचा पट्टा बाजूच्या कापडावर चढला पाहिजे आणि मुडपीचं तोंड खाली हवं. मी एक शिवण उलटी घातली होती, डाव्या बाजूची, साधारण हातभर. नळीने पाणी मारून पाहिलं तर तेवढ्याच भागातून थेंब आत आले. बाकी कुठे ओलही नव्हती. ती उसवली, परत घातली, आणि मग सगळ्या शिवणींना आतून सीम सीलरचे (शिवणीची भोकं बुजवणाऱ्या द्रवाचे) दोन हात दिले. सीलर लेपाच्या जातीचाच लागतो. सिलिकॉनचा लेप असेल तर पीयूचा सीलर त्याला धरत नाही, सालासारखा निघून येतो.

पहिल्या मोठ्या पावसात कापडातून एक थेंब आला नाही, तरी सकाळी कव्हर काढताना माझा जीव खालीवर झाला. काच आणि रोल बारच्या मधे खोलगट भाग तयार होऊन पाणी साचलं होतं. दोन बादल्या तरी असेल, म्हणजे २० किलोच्या वर. सगळा भार चौकटीच्या कोपऱ्यांवरच्या टाक्यांवर. टाके टिकले, याचं श्रेय मी दोऱ्याला देते. उपाय सोपा निघाला: काचेच्या चौकटीच्या मध्यापासून रोल बारपर्यंत, कव्हरच्या खालून, बकल लावलेला एक पट्टा घट्ट ताणला आणि त्यावर एक हलकी नळी ठेवली. त्याने कव्हरला मधोमध आढं आलं आणि पाणी दोन्हीकडे पागोळ्यांसारखं गळायला लागलं. हा पट्टा पॉलिएस्टरचा घ्यावा. नायलॉन ओला झाला की लांबतो आणि पट्टा सैल पडतो, नेमका पाऊस चालू असताना.

दुसरी अडचण आतून आली. पाऊस नसलेल्या एका रात्रीनंतरही सीट ओलसर होत्या. खालच्या ओल्या जमिनीतून वाफ वर येते, रात्री गार झालेल्या लेपाला लागते आणि तिचं पाणी होतं. वरचं अॅक्रिलिक थोडी हवा जाऊ देतं, पण तेवढं पुरत नव्हतं. काचेच्या पुढे एक आणि रोल बारच्या मागे एक अशी दोन हातभर रुंद तोंडं कापली, त्यांना जाळी लावली आणि वरून खाली तोंड केलेली टोपी शिवली. त्यानंतर सीटला बुरशीचा वास आला नाही. उघड्या गाडीचं कव्हर शिवणाऱ्या प्रत्येकाने ही तोंडं पहिल्या दिवसापासून ठेवावीत.

खालच्या कडेला नेफा घालून इलॅस्टिकची दोरी ओवली आहे, आणि गाडीच्या पोटाखालून तीन पट्टे. फडफड पूर्ण थांबली. पट्टे सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि गाडी गार झाल्यावरच कव्हर चढवा. पॉलिएस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं, आणि ते मऊ पडायला त्याच्याही आधी सुरुवात होते. आयलेट, म्हणजे कापडातल्या भोकांना बसवायच्या कड्या, पितळेचे घेतले, त्यांना गंज नाही. काचेला आणि आरशांना लागणाऱ्या भागात आतून पॉलिएस्टरचं मऊ फ्लीस लावलं. सुती अस्तर पाणी धरून ठेवतं, म्हणून टाळलं.

चेनबद्दल मी नाराज आहे. ड्रायव्हरच्या बाजूला चढायला सोपं जावं म्हणून धातूच्या दातांची चेन बसवली, आणि पावसाळा संपेपर्यंत ती मधेच अडकायला लागली. आता ती उसवून जाड प्लास्टिक दातांची बसवणार आहे, वर झाकणपट्टीसह. बाजूच्या कापडावरचा पीयूचा लेपही कायमचा नाही; ओल आणि उष्णता सोसून काही वर्षांनी तो चिकट होऊन सुटतो. त्याचा वेग कमी करायचा एकच मार्ग मला माहीत आहे: कव्हर ओलं असताना घडी घालायची नाही. मी ते रोल बारवर पसरून दोन्ही बाजूंनी वाळवते, साध्या पाण्याने धूळ काढते आणि कपड्यांची पावडर त्याला लागू देत नाही, कारण तिने पाणी झटकण्याचा गुण जातो.

ताईला आता तिच्या ट्रेलरसाठी असंच कव्हर हवंय. चादरी मी तिच्याकडे पोचवल्या आहेत, आणि शिलाई पट्टीची दोन रिळं जास्तीची मागवली आहेत.