वसईचा नाताळ बाजार: फुग्या घ्या, चमकी सोडा

२२ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवतेय, त्यामुळे कुठेही तळण दिसलं की माझी नजर आधी कढईतल्या तेलावर जाते, भाव नंतर विचारते. वसई पश्चिमेच्या एका चर्चच्या पटांगणातल्या नाताळ बाजारातही तेच झालं. चर्चचं नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि तिथल्या बायका माझ्याकडूनच चपात्या नेतात.

बाजार आगमनकाळातल्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, तिसऱ्या रविवारी होता, संध्याकाळच्या मिस्साच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) आधीपासून. शेजारीण मला आधी आत घेऊन गेली. वेदीजवळच्या चार मेणबत्त्यांपैकी तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी आजच्या रविवारी लावतात, हा आनंदाचा रविवार, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "चल, फुग्या संपतील."

फुग्या म्हणजे मैद्याचे तळलेले फुगीर गोळे. संपल्याच असत्या. रांग दाराच्या कमानीपर्यंत. कढईवर लाल लुगड्यातल्या दोन आज्या. मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर. पूर्वी ताडी घालून आंबवत, आता यीस्ट. पीठ इतकं सैल की माझ्या हातून त्याचं धिरडंच झालं असतं. आजी पाण्यात हात बुडवून मुठीत पीठ घेते, अंगठा आणि तर्जनीच्या मधून ते वर दाबते, लिंबाएवढा गोळा आला की ओल्या बोटाने तोडून तेलात. गोळा बुडतो, वर येतो आणि आपोआप उलटतो. झारा लागतो तो फक्त काढायला. तेल स्वच्छ, आच बेताची, म्हणून आतून जाळीदार आणि कोरडी. सहा फुग्या ४० रुपये. मी बारा घेतल्या, सहा तिथेच उभ्याने खाल्ल्या.

"ह्या इंद्यालबरोबर खायच्या असतात," असं आजीने बजावलं. इंद्याल म्हणजे डुकराच्या मांसाचा रस्सा. मी डुक्कर खात नाही म्हटल्यावर माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं, आणि दुसरीशी कादोडीत, इथल्या बोलीत, काहीतरी बोलली. इतकी वर्षं वसईत राहून कादोडी मला निम्मीच कळते. पण "पोळीवाली" हा शब्द बरोबर ऐकू आला. पाच मिनिटांनी मी कढईच्या पलीकडच्या बाजूला झारा घेऊन उभी होते. कसं ते विचारू नका. माझी पहिली फुगी शेपटीवाली निघाली. ती आजीने बाजूला काढून एका पोराला फुकट दिली.

बाटली मसाल्याच्या टेबलावर मी मुद्दाम खोदून विचारलं, कधी कुटला? "एप्रिलात," पटकन उत्तर आलं. मिरची उन्हात कडक वाळते तेव्हाच हा मसाला करायचा, आणि उजेड लागू नये म्हणून गडद रंगाच्या बाटलीत ठासून भरायचा. बूच काढल्यावर वास नाकात नाही, थेट घशात गेला. घेतला. सुकेळीही घेतली. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, केळीच्या सोपात बांधलेली. बोटाला चिकटणारी, मधासारखी गोड. दिवाळीनंतर मी आगाशीहून आणते, तिच्यापेक्षा ही किंचित कडक होती, पण टिकायला अशीच बरी.

आता कुरकुर. एका टेबलावरच्या नेवऱ्यांना (करंज्यांना) जुन्या तेलाचा वास होता. तळण आदल्या आठवड्यातलं असावं. करणाऱ्या बाईंचा चेहरा बघून मी गप्प पाव किलो घेतल्या, घरी कोणी खाल्ल्या नाहीत. प्लमकेक सहा वाजायच्या आत संपला, आणि ज्यांनी आधी नाव नोंदवलं होतं त्यांचेही दोन केक कमी पडले, त्यावरून बरीच बाचाबाची. अर्धा बाजार तर चमकी, प्लॅस्टिकच्या चांदण्या आणि लाल टोप्यांचा. हा माल स्टेशनबाहेर स्वस्त मिळतो, त्यासाठी पटांगण कशाला अडवायचं? त्यापेक्षा पोरांनी पेंढा आणि मातीचा गोठा केला होता तिकडे बघत बसा. त्यातल्या गाईला शिंग एकच होतं आणि बाळ येशू गाईपेक्षा मोठा होता.

हाऊजी (आकड्यांचा तंबोला) मात्र चुकवू नका. तिकीट २० रुपये, आकडे सांगणारा गृहस्थ प्रत्येक आकड्याला मराठीत टोमणा मारतो. माझ्या शेजारी गणपती मंडळाचे अध्यक्ष बसले होते, स्वतःचं तिकीट सोडून सगळ्यांची तिकिटं तपासत. माझा एकच आकडा राहिला होता, ४७. तो आलाच नाही. बक्षिसाचा मिक्सर भाजीवाल्या मावशींना लागला.

पाचपैकी चार. अर्धा मार्क नेवऱ्यांचा, अर्धा पार्किंगचा: गल्ली अरुंद, स्कूटर काढायला मला वीस मिनिटं लागली. वसई रोड स्टेशनवरून शेअर रिक्षाने या, सुट्टे पैसे आणा (गर्दीत फोनचं नेटवर्क बसतं), आणि पाचच्या आत फुग्यांच्या रांगेत लागा.