लायसन्सची की घ्यावी का युजरमागे भाडं? शिरोलीतल्या मशीनशॉपचा वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनशॉप आहे. आसपासच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतं, आम्ही त्यावर मशीनिंग करून माल पुढं धाडतो. ऑफिसचे कॉम्प्युटर, सॉफ्टवेअरची खरेदी, रिन्यूअल ही कामं माझ्या गळ्यात. गेल्या मार्चअखेरीनंतर आम्ही निम्मी सॉफ्टवेअरं युजरमागे वार्षिक भाड्यावर नेली, निम्मी एकदाच विकत घेतलेल्या जुन्या लायसन्स कीवरच ठेवली. तेव्हापासून दोन्ही शेजारीशेजारी चालू आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: हिशोबाला की बरी, मेलला युजर बरा, आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरला कसंही गेलात तरी खिसा कापला जाणार.

कीचा मामला जुना आणि सरळ. पैसे एकदाच, वर एक लांबलचक नंबर. आमच्या एका जुन्या मशीनवर तो नंबर कॅबिनेटला सेलोटेपनं चिकटवलाय. कूलंटच्या हातांनी कागद पिवळा पडलाय आणि मधलं अक्षर आठ आहे की बी, हे प्रत्येक वेळी दोन्ही टाकून बघावं लागतं. की टाकली की सॉफ्टवेअर त्या कॉम्प्युटरची ओळख, म्हणजे मदरबोर्ड, डिस्क असल्या गोष्टी, आपल्या सर्व्हरवर कीशी जोडून ठेवतं. म्हणून मदरबोर्ड उडाला की ‘हे लायसन्स दुसरीकडं वापरात आहे’ असं तोंडावर येतं. तुमची की तीच असते, पण सर्व्हरच्या लेखी कॉम्प्युटर परका.

हिशोबाच्या टॅलीचं उदाहरण बहुतेकांना कळेल. सिल्व्हर म्हणजे एका कॉम्प्युटरला, गोल्ड म्हणजे एका ऑफिसच्या लॅनवरच्या, म्हणजे आपसात जोडलेल्या, सगळ्या कॉम्प्युटरांना. आमच्याकडं गोल्ड आहे. बिलिंगला एक, स्टोअरला एक, डिस्पॅचला एक, माणसं किती याची विचारणाच नाही. दिवाळीच्या गर्दीत हंगामी पोरगा बसवला तरी जादा पैसे नाहीत. फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरून सोडवायचं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. वर्षाला टीएसएस, म्हणजे टॅलीच्या सेवांची वर्गणी, भरावं लागतं. ते संपलं तर टॅली बंद पडत नाही, तेव्हापर्यंतच्या व्हर्जनवर चालतं. मात्र नवी व्हर्जन आणि ई-इन्व्हॉइस (जीएसटीचं ऑनलाइन बिल) थेट सरकारी पोर्टलला पाठवणं अशा जोडलेल्या सेवा थांबतात. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे, तेव्हा आमच्यासारख्याला टीएसएस चुकवणं परवडत नाही. म्हणजे नाव कायमच्या लायसन्सचं, तरी वर्षाचं वर्गणीपुस्तक त्यालाही आहेच. फरक एवढाच की वर्गणी राहिली म्हणून कुणी दाराला कुलूप घालत नाही.

मेल आणि एक्सेलसाठी मायक्रोसॉफ्ट 365 चे युजर घेतले. मालकांना पटलं ते 2021 च्या पुरामुळं. त्या जुलैत शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, गावातल्या माणसांना एमआयडीसीत येता येईना आणि सगळ्या फायली ऑफिसच्या कॉम्प्युटरात. आता तसं झालं तर घरच्या लॅपटॉपवर लॉगिन करून ऑर्डरला उत्तर देता येईल. त्यातल्या बिझनेस स्टँडर्ड प्लॅनमध्ये एका माणसाला पाच कॉम्प्युटर, पाच टॅबलेट आणि पाच फोनवर इन्स्टॉल करायची मुभा आहे. इथं लायसन्स माणसाच्या नावावर असतं, मशीनच्या नाही. कॉम्प्युटर जळाला तर नव्यावर लॉगिन करा, काम चालू.

पण शॉप फ्लोअरवर हाच हिशोब उलटा फिरतो. तीन पाळ्या, एक कॉम्प्युटर, त्यावर तीन सुपरवायझर. कीच्या जमान्यात हे एक लायसन्स होतं. आता नियमानं तीन युजर. आमच्या फोरमनकाकांनी लगेच तोडगा काढला, “एकच आयडी सगळ्यांना सांगून टाक की रं.” काकांचं डोकं चालतं, पण नावावरच्या लायसन्सात ते बसत नाही, आणि उद्या रिजेक्शनच्या शीटमध्ये आकडा कुणी बदलला हेही कळत नाही. मग बसून यादी केली: लिहितं कोण आणि नुसतं बघतं कोण. सुपरवायझरांना ब्राउझरमध्ये शीट भरायची आणि मेल बघायचा, त्यांना स्वस्तातला वेबपुरता प्लॅन पुरला. ‘सेल्स’, ‘डिस्पॅच’, ‘परचेस’ या पत्त्यांना आम्ही आधी वेगळे युजर देणार होतो. ते शेअर्ड मेलबॉक्स केले, म्हणजे अनेकांनी मिळून उघडायची एकच पेटी. 50 जीबीपर्यंत त्यांना लायसन्स लागत नाही, उघडणाऱ्या माणसाकडं असलं की झालं. या एका यादीनं जेवढे वाचले तेवढे कुठल्याही डिस्काउंटनं वाचले नसते. व्हेंडर हे आपणहून सांगत नाही, सांगेल कशाला?

अजून एक. वर्षाच्या बोलीवर घेतलेल्या सीटा, म्हणजे एकेका युजरची लायसन्सं, मध्येच वाढवता येतात, कमी मात्र रिन्यूअललाच होतात. घेतल्यापासून सात दिवसांच्या आत काय ते ठरवायचं. माणूस सोडून गेला तर त्याची सीट नव्याच्या नावावर करता येते, तिथं अडचण नाही. मालाचे भाव पडून माणूस कमी होतो तेव्हा सीट मोकळी बसते आणि भाडं चालू राहतं, ही अडचण.

आता डिझाइनचं सॉफ्टवेअर. पूर्वी आमच्यात नेटवर्क लायसन्स चालायचं: सर्व्हरवर दोन लायसन्सं, डिझाइनवाले चार, ज्याला हवं त्यानं घ्यायचं, झालं की सोडायचं. या धंद्यात तो रस्ता बुजत चाललाय. ऑटोडेस्कनं 2016 मध्ये नवी कायमची लायसन्सं विकणं थांबवलं आणि ऑगस्ट 2020 पासून नेटवर्कची मोडून नावावरची करायला घेतली, एकाच्या बदल्यात दोन देऊन. आमचं कॅमचं (ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम बनवणारं) पॅकेज दुसऱ्या कंपनीचं, पण वारं तेच. भाडं थांबलं की प्रोग्रॅम उघडतच नाही. फायली आपल्या डिस्कवर, पण त्या उघडणारं हत्यार दुसऱ्याच्या हातात. त्यामुळं आता प्रत्येक पक्क्या जॉबची स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही उघडणारं मॉडेल), ड्रॉइंगची पीडीएफ आणि मशीनवर चाललेला एनसी प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरात टाकायचा शिरस्ता घातलाय.

खरा मनस्ताप झाला तो अॅडमिन खात्याचा, म्हणजे ज्यातून युजर जोडता-काढता येतात त्या खात्याचा. विकणाऱ्या डीलरनं खातं उघडताना स्वतःच्याच मेल आयडीवर उघडलं होतं. सगळे युजर आमचे, पैसे आमचे, चावी त्याच्या खिशात. नवा इंजिनिअर आला की त्याला फोन, तो साईटवर, मग ‘संध्याकाळी बघतो’. आपल्या डोमेनच्या आयडीवर अॅडमिन मागून घ्यायला मेलामेली, लेटरहेड, बिलाच्या प्रती आणि बरेच आठवडे गेले. पैसे भरायच्या आधी हे एकच विचारा: अॅडमिन कुणाच्या नावावर?

पैशांबद्दल थोडक्यात. कार्डावर ऑटो-रिन्यूअल लावलं तरी 15,000 च्या वरची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ओटीपीशिवाय जात नाही, आणि ओटीपी येतो मालकांच्या मोबाइलवर. मालक लग्नकार्यात असले की रिन्यूअल लटकलं. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या पोर्टलवर आपला जीएसटी नंबर भरलेला नसेल तर 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळवताना नाकी नऊ येतात. सीएंचं म्हणणं असं की विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मालमत्तेत जातं, त्यावर 40 टक्के घसारा. भाडं त्याच वर्षी खर्चात. ज्याच्या नफ्याचं गणित जसं, तसं हे बरं किंवा वाईट.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पेनड्राइव्हवर फुकट मिळणाऱ्या क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्स फोडलेल्या चोरट्या कॉपीबद्दल, कुणीतरी विचारणारच. कॉपीराइट कायद्याच्या 63ब कलमात जाणूनबुजून असं वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते दोन लाख दंड लिहिलाय. त्यावर मी वाद घालत नाही.

येत्या रिन्यूअलला कॅमची एक सीट सोडतोय. दोन डिझायनर पाळी लावून एका सीटवर बसणार नाहीत, नावाची अट आहेच. म्हणून एकाकडं कॅम आणि दुसऱ्याकडं नुसतं मॉडेलिंग अशी कामाची वाटणी केली आहे. टॅलीला हात लावत नाही. मेलचे युजर आहेत तेवढेच, आणि स्टोअरच्या पोराला वरचा प्लॅन हवाय तो त्याला देत नाही, त्याला एक्सेल ब्राउझरमध्ये पुरतं.