लिंक: प्रॉपर्टीवरून ऑब्जेक्ट शोधण्यासाठी कितपत भरवशाची?

लिस्टमधला नेमका ऑब्जेक्ट त्याच्या प्रॉपर्टीवरून (म्हणजे रोल नंबर, नाव अशा माहितीवरून) शोधून काढणं सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत सुटसुटीत झालं ते लिंकमुळे (LINQ). लँग्वेज इंटिग्रेटेड क्वेरी हे तिचं पूर्ण नाव, म्हणजे कोडमध्येच डेटा शोधायची सोय. २००७ साली मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट फ्रेमवर्क ३.५ बरोबर ती आली आणि तेव्हापासून फ्रेमवर्कमध्येच मिळते. रोल नंबर ४२ चा विद्यार्थी हवा असेल, तर लिस्टवर फर्स्टऑरडिफॉल्ट ही पहिला जुळणारा ऑब्जेक्ट देणारी मेथड लावून लॅम्डात (छोट्या निनावी फंक्शनमध्ये) अट लिहायची, झालं. लूप नाही, फ्लॅग नाही, ब्रेक नाही. कोड वाचणाऱ्याला काय शोधायचंय ते एका ओळीत कळतं, आणि यासाठी लिंकला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

मात्र फर्स्टऑरडिफॉल्ट सरसकट सगळीकडे वापरायची सवय महागात पडते. ऑब्जेक्ट सापडला नाही तर ती गुपचूप नल, म्हणजे 'काहीच नाही', देते. तो नल पुढे दोन-तीन मेथड ओलांडून जातो आणि भलत्याच ओळीवर नलरेफरन्सएक्सेप्शन ही एरर येते. ऑब्जेक्ट असायलाच हवा असेल तर फर्स्ट वापरा. तो नसेल तर तिथल्या तिथे इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन मिळतं. रोल नंबर एकमेव असलाच पाहिजे, तिथे सिंगल. दुसरा जुळणारा सापडला की तीही एक्सेप्शन देऊन ओरडते. अर्थात खात्री करण्यासाठी तिला लिस्ट शेवटपर्यंत पाहावी लागते. नुसते गुण निवडून त्यावर फर्स्टऑरडिफॉल्ट लावली तर आणखी घोळ: इंटचा डिफॉल्ट शून्य, त्यामुळे विद्यार्थी सापडलाच नाही की त्याला शून्य गुण पडले, हे कळायला मार्ग नाही. आधी ऑब्जेक्ट शोधा, मग गुण वाचा.

अटीत बसणारे सगळे ऑब्जेक्ट देणारी मेथड म्हणजे व्हेअर. ती लिहिली त्या क्षणी काहीच शोधलं जात नाही. फॉरईच लूप किंवा मोजणारा काउंट आला की शोध सुरू होतो, आणि दर वेळी पहिल्यापासून. निकाल दोनदा लागणार असेल तर टूलिस्ट करून तो लिस्टमध्ये साठवून ठेवा. 'आहे का' एवढंच हवं असेल तर काउंट नको, एनी घ्या. पहिला जुळला की ती थांबते.

वेगाबद्दलची बहुतेक गाऱ्हाणी लूपच्या आतल्या शोधामुळे असतात. १०,००० ऑर्डरी आणि प्रत्येकीसाठी ५,००० ग्राहकांच्या लिस्टवर फर्स्टऑरडिफॉल्ट, म्हणजे वाईटात वाईट ५ कोटी तुलना. लूपच्या आधी एकदाच टूडिक्शनरी करा, म्हणजे ग्राहक क्रमांकासारख्या की (key) वरून थेट ऑब्जेक्ट देणारी डिक्शनरी बनते, आणि आत तिच्यातून ऑब्जेक्ट काढायला ट्रायगेटव्हॅल्यू वापरा. तीच की (key) दोनदा आली तर टूडिक्शनरी आर्ग्युमेंटएक्सेप्शन देते. शहरासारख्या अनेकांची सारखीच असणाऱ्या प्रॉपर्टीसाठी म्हणून एका कीखाली अनेक ऑब्जेक्ट ठेवणारी टूलुकअप बरी, तिथे नसलेल्या कीवर रिकामा संच मिळतो. एक पथ्य: डिक्शनरी बनवल्यावर ऑब्जेक्टची ती प्रॉपर्टी बदलली, तरी डिक्शनरीत तो जुन्याच कीखाली राहतो.

मराठी नावांवर शोध घेताना वेगळीच पंचाईत होते. डबल इक्वल्सची (==) तुलना अक्षरांच्या कोडवर चालते, दिसण्यावर नाही. 'ऱ' हे एकच कोड म्हणून साठवलेलं असतं किंवा 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असे दोन. नॉर्मलाइझ मेथड या दोन्ही रूपांचं एक करते. पण 'कऱ्हाड' काही कीबोर्डांवर साधा 'र', हलंत आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर अशा क्रमाने टाइप होतं, आणि त्याला नॉर्मलाइझ हात लावत नाही. तिथे नुसता जॉइनर काढून टाकलात तर रफार होऊन 'कर्हाड' उरतं आणि शोध फसतोच. हा तीन कोडांचा क्रम रिप्लेसने 'ऱ' आणि हलंत असा बदलावा, नंतर नॉर्मलाइझ आणि कडेच्या मोकळ्या जागा काढणारी ट्रिम. लिस्टमधलं नाव आणि शोधायचं नाव, दोन्ही याच फंक्शनमधून न्या. आणि हे लॅम्डात दर वेळी नको. साफ केलेलं नाव ऑब्जेक्टवर वेगळ्या प्रॉपर्टीत एकदाच भरून ठेवा, शोध तिच्यावर घ्या.