इंक टँक प्रिंटर: आठ महिन्यांचा अनुभव, आणि त्याआधी परत केलेल्या प्रिंटरची सगळी भानगड

आधीच सांगते, हा रिव्ह्यू दोन प्रिंटरचा आहे. एक जो आत्ता टेबलावर आहे आणि आठ महिने बऱ्यापैकी चालतोय, आणि दुसरा जो ऑनलाइन मागवला होता, ४४ दिवस घरात होता आणि त्यातले फार तर तीन दिवस प्रिंटर म्हणून जगला, बाकी सगळे दिवस तक्रार म्हणून. कंपनीचं नाव घेत नाही, ॲपचंही नाही, कारण मला भांडण परत उकरायचं नाहीये. पण पेटी उघडलेली, शाई भरलेली वस्तू परत करता येते का हे मला तेव्हा कोणीच धड सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कराडला घरीच गणिताचे क्लास घेते, आठवी ते दहावी. घटक चाचणी, सराव पेपर, सुट्टीचा गृहपाठ, पानं लागतातच आणि सगळी पाठपोट. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांना इतके पैसे दिलेत की त्यांच्या नवीन मशीनमध्ये एखादा रोलर माझ्या नावाचा असावा. तर माझी अट एकच होती, ऑटो डुप्लेक्स, म्हणजे प्रिंटरने पान स्वतः उलटून मागची बाजू छापायची. ॲपवर एका मॉडेलखाली स्पष्ट लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी प्रिंट: ऑटोमॅटिक. किंमत १३,४९९. मी त्याचा स्क्रीनशॉट काढून दादाला व्हॉट्सॲपवर पाठवला, 'घेऊ का?' त्याने अंगठा पाठवला आणि मी घेतला. हा अंगठा पुढे फार कामाला आला, थांबा.

शनिवारी पेटी आली, सोमवारी कंपनीचा इन्स्टॉलेशनवाला आला, चारही टाक्यांत शाई ओतली, टेस्ट पेज काढलं, फोटो काढले, गेला. रात्री मी दहावीचा पेपर लावला, चार पानी. पहिलं पान छापलं आणि स्क्रीनवर आलं, कागद उलटा करून परत ट्रेमध्ये ठेवा. मला वाटलं सेटिंग चुकलंय. अकरा वाजेपर्यंत सेटिंग शोधत बसले. मग कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकला तर तिथे सरळ लिहिलंय, मॅन्युअल डुप्लेक्स. म्हणजे प्रिंटर बिघडलेला नव्हताच, जे सांगून विकला ते त्याच्यात नव्हतं. आणि हे पेटी न उघडता, शाई न भरता मला कळणार कसं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲपवर रिटर्न टाकला. तिथे सात दिवसांची मुदत होती पण फक्त रिप्लेसमेंट. म्हणजे हा घेऊन जाणार आणि अगदी हाच मॉडेल परत देणार, तोही पान उलटणार नाही. चॅटवरच्या मुलीला मी हे तीनदा समजावलं, तिने तीनदा 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' म्हटलं आणि शेवटी ब्रँडकडे बोट दाखवलं. ब्रँडने तोच इन्स्टॉलेशनवाला परत पाठवला. बिचारा चांगला होता, घामाघूम होऊन आला, पाणी प्यायला, म्हणाला, 'मॅडम, मशीन ओके आहे, मी डिफेक्ट कसा लिहू?' मी म्हटलं डिफेक्ट नका लिहू दादा, जे खरं आहे तेच लिहा. आणि त्याने जॉबशीटवर लिहिलं, 'मशीन चालू. ऑटो डुप्लेक्स या मॉडेलमध्ये उपलब्ध नाही.' खाली सही, तारीख. तुमच्याकडे कोणी टेक्निशियन आला तर त्याच्याशी भांडू नका, त्याच्याकडून एक खरी ओळ लिहून घ्या, माझ्या सगळ्या प्रकरणात या एका ओळीइतकं वजन कशालाच नव्हतं.

नवव्या दिवशी पिकअपवाला पोरगा आला. पेटी बघितली, सिरीयल नंबर जुळवला, टाकीत शाई बघितली आणि म्हणाला क्यूसी, म्हणजे परत घेतानाची तपासणी, फेल होणार, भरलेली शाई घेत नाही, शिवाय थर्माकोल कुठाय? थर्माकोलचा आमच्या चिरंजीवांनी शाळेच्या प्रोजेक्टसाठी ज्वालामुखी केला होता. ही माझी चूक, मान्य. पण पोरगा जिना उतरतोय तोवर ॲपवर मेसेज, 'ग्राहकाने पिकअप रद्द केला.' मी नाही केला! नशीब मिस्टरांनी सगळं बोलणं मोबाइलवर घेतलेलं, त्याला विचारूनच. त्याच संध्याकाळी बघते तर त्या प्रॉडक्टच्या पानावर 'ऑटोमॅटिक'च्या जागी 'मॅन्युअल' आलेलं. गुपचूप. दादाच्या चॅटमधला तो स्क्रीनशॉट नसता तर मी वेडी ठरले असते, आणि तिथे तारीख वेळ सगळं होतं, खाली त्याचा अंगठा.

आता कायद्याचं, जेवढं मला वापरावं लागलं तेवढंच. आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे की ऑनलाइन घेतलेली वस्तू सात दिवसांत परत करायचा आपल्याला हक्कच आहे. नाहीये. ती सात-दहा दिवसांची सोय ही त्या त्या ॲपची पॉलिसी, त्यांनी दिली तर दिली. माझे चुलत दीर जर्मनीत असतात, तिकडे ऑनलाइन खरेदीला १४ दिवस आहेत, कारण न सांगता परत, पेटी उघडलेली असली तरी, फक्त दुकानात हाताळून बघतो त्यापेक्षा जास्त वापरून किंमत उतरवली तर तेवढे कापू शकतात. आपल्या कायद्यात असं काही नाही. रंग आवडला नाही, मन बदललं, नवऱ्याने ओरडलं, तर पॉलिसी काय म्हणते तेच खरं.

पण वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं तिच्यात नसतील तर गोष्ट वेगळी होते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या खाली ई-कॉमर्सचे नियम २०२० च्या जुलैत आले, त्यातला नियम ६ म्हणतो की अशा वेळी मार्केटप्लेसवरचा, म्हणजे दुसऱ्यांचा माल विकू देणाऱ्या ॲपवरचा, विक्रेता माल परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. तिथे पेटी सीलबंद हवी, थर्माकोल हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी तो नियम दोनदा वाचला, ज्वालामुखीच्या भीतीने. आणि 'आम्ही फक्त मार्केटप्लेस आहोत' म्हणणाऱ्या ॲपवरही जबाबदारी आहे, त्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाल लावावा लागतो. चॅटवर कितीही वेळ बोललात तरी हे घड्याळ तिथून सुरू झालं असं मी धरत नाही, त्या अधिकाऱ्याला लेखी पाठवाल तेव्हापासून धरा.

म्हणून दहाव्या दिवशी मेल टाकली, अधिकाऱ्याला आणि सोबत विक्रेत्याला, त्याचं नाव पत्ता बिलावर असतोच. स्क्रीनशॉट, जॉबशीटचा फोटो, पिकअपचा व्हिडिओ, बिल, आणि शेवटी एकच मागणी, रिप्लेसमेंट नको, पूर्ण पैसे परत. माझी पहिली मेल दीड पानाची झाली होती, रागाने लिहिलेली. मिस्टरांनी वाचून म्हटलं, पेपर तपासल्यासारखी लाल पेन घे. दहा ओळी उरल्या, त्या पाठवल्या.

पोच दुसऱ्या दिवशी आली, तक्रार क्रमांकासकट. उत्तर सहा दिवसांनी, तेच छापील, 'शाई भरल्याने परत घेता येत नाही.' मग १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांनी सगळं लिहून घेतलं, नंबर दिला, तक्रार कंपनीकडे पाठवली. मात्र हे कोर्ट नव्हे, ते कंपनीला हुकूम देऊ शकत नाहीत, मधे पडून मिटवायचा प्रयत्न करतात एवढंच. तरी आठवड्याभरात ॲपवाल्यांचा फोन आला, आणि पहिल्यांदा कोणीतरी माणसासारखं बोललं. ऑफर काय तर प्रिंटर ठेवा आणि १,५०० रुपयांची कॉइन्स घ्या, त्यांच्याच वॉलेटमध्ये. खोटं नाही बोलत, मी पाच मिनिटं विचार केला. वैताग इतका आला होता. मग डोळ्यासमोर आलं की दर रविवारी रात्री मी शे-दीडशे कागद हाताने उलटे करतेय.

नाही म्हटलं, आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली, पोचपावतीसह, साध्या भाषेत, वकील नाही. लिहिलं की ठरल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर सातारा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ही नुसती धमकी नव्हती, तयारी केली होती. नव्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेता भले दिल्लीत बसलेला असो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. घरबसल्या दाखल करायची असेल तर २०२५ च्या जानेवारीपासून ई-जागृती पोर्टल आहे, मी तिथे अकाउंटही काढलं होतं. निकाल मात्र झटपट लागेल असं समजू नका, कायद्यात तीन महिने लिहिलेत, चाचणी लागली तर पाच, पण तारखा पडतात त्या पडतातच.

माझ्यावर ती वेळ आली नाही. महिना पुरा व्हायला एक दिवस असताना मेल आली, 'अपवाद म्हणून' रिफंड मंजूर. अपवाद कसला डोंबलाचा. पण म्हटलं शब्दावरून भांडत बसू नये. ४४ व्या दिवशी दुसराच पोरगा आला, याने काही विचारलं नाही. मी टाक्यांच्या झाकणांना टेप मारला होता, अख्खा प्रिंटर दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळला होता, तरी उचलताना एका कोपऱ्यातून किरमिजी शाई ठिबकली आणि गॅलरीच्या फरशीवर नाण्याएवढा डाग पडला. व्हिनेगर, ब्लीच, सगळं झालं, डाग आहे तिथेच आहे. तीन दिवसांनी पैसे खात्यात.

आता दुसरा प्रिंटर. हा इथल्याच दुकानातून घेतला, ऑनलाइनपेक्षा ८०० ने महाग. घेण्याआधी दुकानात माझा पेपर पाठपोट छापून दाखवा म्हटलं, दुकानदार काकांनी डेमोच्या मशीनवर दाखवला. त्यांच्या बिलाखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं बघून मी भुवया वर केल्या तर हसले, म्हणाले, 'ताई, ते बिलबुक छापणाराच घालतो हो.'

आठ महिन्यांत साधारण ९,००० पानं काढली. काळी बाटली कंपनी ६,००० पानांची सांगते, माझी पहिली ४,२०० ला संपली, कारण सुरुवातीला नळ्या भरण्यातच बरीच शाई जाते, दुसरी जास्त चालतेय. डुप्लेक्स हळू आहे, पान बाहेर काढतो, जरा थांबतो, परत आत ओढतो, चार पानी पेपरच्या चाळीस प्रती लावून मी भाजी चिरायला जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र वैताग. पावसात कागद सर्द झाला की मागची बाजू छापताना अडकतो, रिम उघडी ठेवली की संपलं. आता उरलेला कागद स्टीलच्या डब्यात, तांदळाच्या शेजारी. मे महिन्यात क्लास बंद होते, तीन आठवडे एकही प्रिंट काढली नाही तर निळ्या रंगात रेघा आल्या, दोनदा हेड क्लीनिंग केल्यावर गेल्या, पण त्यात शाई उडते. तेव्हापासून दर रविवारी एक रंगीत पान काढते, चिरंजीवांना चित्र मिळतं. वायफाय अधूनमधून हरवतं, प्रिंटर बंद-चालू केला की सापडतं. वॉरंटी एक वर्ष किंवा ३०,००० पानं, जे आधी होईल ते, हे कार्डावर बारीक अक्षरात होतं, घेताना वाचा.

पाचपैकी चार देते याला. आधीच्याला डिलिव्हरीच्या दिवशीच, पेटीवरची टेपसुद्धा काढायच्या आधी, मी पाच स्टार देऊन बसले होते, 'फास्ट डिलिव्हरी' म्हणून. ते आता काढायला गेले तर ॲप म्हणतं ही वस्तू तुमच्या खरेदीत दिसत नाही, रिव्ह्यू बदलता येणार नाही.