बायपोलरसाठीची मानसोपचार सत्रे : वर्षभराचा अनुभव

बायपोलर विकाराचे, म्हणजे मन कधी उन्मादाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणाऱ्या आजाराचे, निदान होऊन मला सहा वर्षे झाली. त्यांपैकी पहिली पाच वर्षे उपचार म्हणजे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळ्या, रक्तातील लिथियमची पातळी पाहण्यासाठी ठरावीक काळाने होणारी तपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञांची दहा मिनिटांची भेट, एवढेच होते. गेल्या वर्षी त्यांच्याच सल्ल्याने मी एका केंद्रातील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (संवादातून उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ) मॅडमकडे या विकारासाठी आखलेली २१ सत्रे पूर्ण केली.

ही सत्रे औषधांच्या जागी नाहीत, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावले. पूर्वी एका समुपदेशकांनी मला ‘मन खंबीर केले की गोळ्या सुटतील’ असे सांगितले होते. लिथियम अचानक थांबवले की उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो, हे मला त्यानंतर दवाखान्यात दाखल झाल्यावर कळले, म्हणून या स्पष्टपणाचे मोल मला अधिक वाटते.

सत्रांचा कणा होता एक साधा तक्ता. अंथरुणातून उठण्याची वेळ, दिवसातील पहिले बोलणे, कामाला सुरुवात, रात्रीचे जेवण आणि झोपण्याची वेळ, अशा पाच नोंदी रोज करायच्या. एलेन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्ग येथे विकसित केलेल्या पद्धतीतला हा भाग आहे. दिनक्रम विस्कटला की झोप बिघडते आणि झोप बिघडली की मनःस्थितीचा तोल जाऊ शकतो, हा त्यामागचा विचार. पहिला महिनाभर मला हे सारे शाळकरी वाटले.

नवव्या सत्राला मी अतिशय उत्साहात गेलो आणि इतके बरे कधीच वाटले नव्हते, असे सांगू लागलो. मॅडमनी वाद घातला नाही. तक्त्यातील उठण्याच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवले : साडेसहा, पावणेसहा, पाच, चार. मग फाइलमधून एक कागद काढून शेजारी ठेवला. मन ठीक असताना, चौथ्या सत्रात, मीच तो लिहिला होता : ‘कमी झोपूनही थकवा येत नाही. एकदम तीन कामे हाती घेतो. भावाला मध्यरात्री फोन करतो.’ आदल्या रात्री मी भावाला दीड वाजता फोन केला होता. दुसऱ्या कोणी हे सांगितले असते तर मी भांडलो असतो. स्वतःच्या अक्षराशी भांडता आले नाही. त्याच दिवशी मॅडम माझ्या संमतीने डॉक्टरांशी बोलल्या, औषधात बदल झाला आणि या वेळी दाखल व्हावे लागले नाही. उन्माद चढू लागला की आपण आजारी आहोत हे कळणारी जाणीवच आधी जाते. ती शाबूत असताना लिहून घेतलेला तो कागद ही या सेवेची सर्वांत मोठी देणगी आहे.

दोन सत्रे पत्नीसोबत झाली. मी जरा मोठ्याने हसलो तरी ‘गोळी घेतलीस ना?’ हा प्रश्न ठरलेला असे. आता आम्ही दोघांनी मिळून ठरवलेली तीन लक्षणे दिसली तरच ती विचारते. घरातला ताण यामुळे किती हलका झाला, हे शब्दांत सांगणे कठीण आहे.

सत्रांची संख्या अनेकांना जास्त वाटेल. मात्र २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, औषधांसोबत नऊ महिन्यांत ३० पर्यंत सत्रे मिळालेले रुग्ण, केवळ तीन सत्रे मिळालेल्यांपेक्षा नैराश्यातून लवकर सावरले होते.

माझी तक्रार एकच, पण गंभीर आहे. नैराश्याच्या दोन आठवड्यांत मी सत्राला गेलो नाही. केंद्राने पूर्ण शुल्क आकारले, परंतु साधा फोनही केला नाही. या आजारात न येणे हेच लक्षण असते, आणि ते नेमके अशा ठिकाणी ओळखले जायला हवे. दुसऱ्या वर्षासाठी मी नाव नोंदवले आहे. सत्र चुकल्यास त्याच दिवशी पत्नीला फोन करावा, अशी लेखी विनंती त्या अर्जासोबत जोडली आहे.