ऑर्गॅनिक मुसली का ज्वारीच्या लाह्या?
लेकरांच्या नाश्त्याला मी दोन्ही आणून बघितलं. मुसलीच्या, म्हणजे ओट्स-सुकामेव्याच्या मिश्रणाच्या, पाकिटावर जैविक भारतचा, म्हणजे सेंद्रिय मालाच्या सरकारी खुणेचा, हिरवा लोगो होता, पण तो लोगो धान्य कसं पिकवलं ते सांगतो, साखर कमी हाय असं नाही, अन् इथंच लई जण फसतात. मागं घटक वाचा, जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात, माझ्या पाकिटात ओट्सनंतर लगेच साखर, मग मध, १०० ग्रॅममागं २२ ग्रॅम साखर, म्हणजे पाचेक चमचे! ऑर्गॅनिक साखर पण साखरच की.

लाह्यात वरून काहीच नाही. कढई कडक तापवायची, मूठभर ज्वारी टाकून फडक्याच्या बोळ्यानं फिरवायची, तडतड फुलतात, नागपंचमीला करतो तशाच. गहू चालत नाही त्यांना पण चालतात. नुसत्या लाह्यानं पोट मात्र भरत नाही, दही अन् भाजलेले शेंगदाणे लागतातच, मुसलीत बदाम-जवस आधीच असतंय.

ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्या, फवारणीचं विचारून. परभणी कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' मिळाली तर सोडू नका, २०१८ ला आलेल्या या वाणात लोह अन् जस्त जास्त हाय. आमच्या घरी आता लाह्याच, मुसली घेतलीच तर बिनसाखरेची.